खंडेनवमीचं खोरं

त्या नकाशाचा मला लहानपणापासून राग आहे, आणि वय झालं म्हणून तो कमी झालेला नाही. लोकांच्या घरी आजोबांचा फोटो असतो, फार तर त्यांची काठी असते. आमच्या लालबागच्या खोलीत आजोबांचा नकाशा होता. इंग्रजांच्या काळातला, कापडावर चिकटवलेला, गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेला. बलुचिस्तानात, इराणच्या सरहद्दीकडे कुठेतरी, उघड्याबोडक्या डोंगरांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्यामधे एक वाळवंटी खोरं आहे, त्याचा हा नकाशा. खोऱ्याला नाव होतं, ते इंग्रजीत छापलेलंही होतं, पण घरातला प्रत्येक जण ते वेगळंच उच्चारायचा. म्हणून सगळे नुसतं 'खोरं' म्हणायचे. खोरं काढ, खोरं गुंडाळ, खोऱ्यावर पाय देऊ नको. चाळीत नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, आमची शेतीवाडी तिकडेच असावी.

नकाशा दिसायला वाईट नव्हता. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक तपकिरी रेघा. कडा उभा असेल तिथे एकमेकींना चिकटलेल्या, उतार सावकाश असेल तिथे लांब लांब. कोरड्या ओढ्यांना निळ्या तुटक रेघा. मधेमधे मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं: पाणी खारट. उंटांची वाट. वस्ती ओसाड. डावीकडच्या एका डोंगरावर छोटा त्रिकोण आणि त्याच्याजवळ उंचीचा आकडा. उजवीकडे मात्र बराच मोठा भाग नुसता कोरा. रेघा चालत चालत येतात आणि मधेच थांबतात, पुढे कागद सोडून काही नाही.

आजोबा त्या मोजणीच्या तुकडीत खलाशी होते. कोकणातला माणूस आणि खलाशी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गलबत येतं. पण मोजणीवाल्यांचा खलाशी म्हणजे सामान वाहणारा, तंबू ठोकणारा आणि डोंगराच्या माथ्यावर झेंडा धरून उभा राहणारा माणूस. साहेब खालून दुर्बिणीतून बघणार, आजोबा वर उन्हात उभे. त्रिकोण होता ती त्यांची जागा. माझी आत्या सगळ्यांना सांगायची, "माझ्या बापाशीन आख्खा खोरा मापल्यान." मी म्हणायचे, मापलं साहेबाने, आजोबा उभे राहिले. कोऱ्या भागाबद्दल आजोबा सांगायचे म्हणे, की तिथे काही नव्हतं म्हणून तो कोरा नाही. तुकडीचं पाणी संपलं आणि साहेब मागे फिरला, म्हणून कोरा. पुढे नकाशा छापून आला तेव्हा साहेबाने त्यांना एक प्रत बक्षीस दिली. माणसाला उन्हात उभं करायचं आणि मग त्याच उन्हाचं चित्र त्याच्या हातात ठेवायचं, याला माझ्या घरात साहेबाचा मोठेपणा म्हणत.

आजोबा मुंबईला येऊन परळच्या गिरणीत लागले, त्यांच्यामागून वडील लागले. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. वडील घरी बसले. घरी बसले म्हणजे खोऱ्यात बसले. सकाळी चहा झाला की नळकांड्यातून नकाशा काढायचे, जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचे आणि पालथे पडून बघत राहायचे. दहा बाय बाराची खोली, त्यात पलंग, कपाट, ओटा. उरलेल्या जमिनीवर बलुचिस्तान. आम्ही भिंतीला पाठ लावून कडेकडेने चालायचो. मला आणि दादाला समोर बसवून ते विचारायचे, "या डोंगरावरून त्या ओसाड वस्तीला जायचंय, कसा जाशील?" मी बोटाने सरळ रेघ काढली की टपली बसायची. "कडेलोट होईल. रेघा बघ जरा, मधे कडा आहे." दादा शहाण्यासारखा वळसा घालून जायचा. तो तेव्हापासूनच तसा आहे.

त्या खोऱ्यात गोडं पाणी कुठे आहे आणि खारट कुठे, हे वडिलांना झोपेतही सांगता आलं असतं. आमच्या घरातलं पाणी आई भरायची. मजल्यावरच्या नळावर पहाटे हंडे लावायला ती जायची, मग ओट्याशी उभी राहून डबे करायची. परळच्या ऑफिसांत, दवाखान्यांत तिचे डबे जायचे. पोळ्या, भाजी, आमटी, शुक्रवारी मासे. वडिलांच्या अंगावरून कढई ओलांडून न्यायची ती, आणि न्यायच्या आधी म्हणायची, "जरा पाय घ्या." एवढंच. मी तिच्या जागी असते तर आमटी सांडली असती.

वडील वाईट नव्हते. हे सांगायला हवं, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात. हात रिकामे झालेला माणूस काहीतरी हातात धरतो, त्यांनी नकाशा धरला. पण राग यायला माणूस वाईटच असावा लागतो असं कुठे आहे?

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. गिरणीत त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून नटवलेली असायची, बायकापोरं बघायला जायची. चाळीत शिंपी मशीन पुजायचा, सुतार रंधा-करवत पुजायचा, खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला टॅक्सी. ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून खोरं पुजायचे. गिरणी बंद झाल्यावरही खोरंच. पोट भरत होतं आईच्या तव्यावर आणि हळदकुंकू वाहायचं त्या डोंगरांना, जिथे उंटसुद्धा थांबत नाहीत. एका वर्षी मी तवा आणून नकाशाशेजारी ठेवला. वडील हसले, आत्याने तवा उचलून ओट्याखाली सरकवला.

तेव्हा निदान हळदकुंकू आईच्या हातचं असायचं. घरची बाई म्हणून तो तिचा मान. पाट मांडून त्यावर खोरं पसरलेलं, तिने नकाशाच्या चार कोपऱ्यांना, छापलेल्या चौकटीच्या बाहेर, हळदीकुंकवाची बोटं लावायची. आत लावायचं नाही, नकाशा खराब होतो, अशी आजोबांची ताकीद होती. मग वडिलांनी फूल वाहायचं, आणि वड्यांचा, काळ्या वाटाण्याच्या उसळीचा नैवेद्य.

वडील गेले त्या वर्षी आत्या गिरगावहून सकाळीच आली. ती वडिलांची धाकटी बहीण, आईच्याच वयाची. आईने सवयीने हळदीकुंकवाची कुयरी उचलली. आत्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. ओढून नाही, काढून. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तशी. म्हणाली, "वयनी, तू आता मागे रव. माझ्या बापाशीचा हत्यार आसा ता. तुझो हात नको लागूक."

आई म्हणाली, "बरं, वन्सं." आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली.

त्या 'बरं'वर मी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कशावर चिडलेली नाही. मी तेव्हा एका वकिलाच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करायचे आणि घरी येऊन स्वतःची करायचे. मी म्हटलं, "आत्या, नैवेद्याचे वडे कोणी थापले? त्याच हातांनी ना? मग रांधायला हात चालतो आणि दोन बोटं लावायला चालत नाही?" आत्या म्हणाली, शास्त्र आहे. मी म्हटलं, कुठल्या पानावर? दादा मधे पडला. "अगं, सणाच्या दिवशी कशाला? आई काही बोलतेय का? तिला नाही प्रॉब्लेम, तुला का?" आत्याने कोपऱ्यांना बोटं लावली, दादाने फूल वाहिलं. तेवढ्यात आई नैवेद्याचं ताट घेऊन आली, पाटाच्या उजव्या बाजूला ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि परत गेली. ताट ठेवायला तिचे हात आत्याला चालत होते. मी तेही बोलून दाखवलं. शेजारी दारात येऊन उभे राहिले इतका माझा आवाज चढला होता.

मग दर वर्षी हेच. पंचांगात खंडेनवमी आणि आमच्या मजल्यावर माझं आणि आत्याचं जुंपणं, दोन्ही ठरलेलं. मी लग्न केलं नाही, आईबरोबर तिथेच राहिले; दादा लग्न करून दादरला गेला. खंडेनवमीला आत्या गिरगावहून बस पकडून यायची, दादा दादरहून यायचा, आणि पूजा सुरू झाली की मी तोंड सोडायचे. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. तिनेही कमी केलं नाही. "लगीन नाय झाला म्हणान तोंड वाढला," हे तिचं ठेवणीतलं. आणि आई? आई ओट्याशी. रात्री मी तिच्यावर घसरायचे. "तू एकदा तरी तोंड उघड. एकदा म्हण, की हे माझं घर आहे, पूजा मी करणार. मी कोणासाठी भांडतेय?" ती भांडी पुसत म्हणायची, "तुला कोणी सांगितलं भांडायला?" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्याचा राग होताच, पण खरं सांगायचं तर आईचा जास्त यायचा. मारणाऱ्यापेक्षा मार खाऊन 'लागलं नाही' म्हणणाऱ्याचा जास्त येतो. मला वाटायचं, ही बाई नळावर हंड्यासाठी चार बायकांना पुरून उरते आणि स्वतःच्या घरात हिची वाचा बसते. मेल्या नवऱ्याच्या बहिणीपुढे हिला कणाच नाही.

मागच्या वर्षी दादा बँकेतून रिटायर झाला. रिटायर झालेल्या माणसाला समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं आणि ते तो घरातल्या वस्तू उचलून करतो. दादरच्या एका संस्थेत जुने नकाशे जमवतात, तिथे तो जाऊन बसायला लागला. एके दिवशी फोन आला. "अगं, आपलं खोरं रेअर आहे. ते लोक घेतायत. काचेत लावणार, खाली आजोबांचं नाव. आत्याला काय आनंद झालाय!"

"आईला विचारलंस?"

"आईचं काय त्यात? तिला कुठे इंटरेस्ट आहे?"

मी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "ने की. इथे धूळच खातंय." मी कपाळावर हात मारला.

पण या वेळी मी ठरवलं होतं. नकाशा जाणार असेल तर जाऊ दे, पीडा जाईल. मात्र जायच्या आधीच्या खंडेनवमीला पूजा आई करेल. कोपऱ्यांना बोटं आई लावेल, सगळ्यांसमोर. एकदाच. पुढच्या वर्षी पूजेला वस्तूच नसणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मी दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, बघू. दादाचं 'बघू' म्हणजे नाही. मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "माझ्या बापाशीची शेवटची पूजा आणि ती मी सोडू? येडी का खुळी?" मी आईला सांगितलं, तू फक्त कुयरी धर, पुढचं मी बघते. आई म्हणाली, "तू काही बघू नकोस. डाळ भिजत घातलीस का?"

मधल्या काळात दादाने नकाशा दुरुस्तीला दिला होता. संस्थेने एक बाई गाठून दिल्या होत्या, कागद वाचवायचं काम करणाऱ्या. त्यांनी सांगितलं, जुन्या कागदात आम्ल असतं, तो आतून जळत असतो, पिवळा पडतो आणि शेवटी त्याचा चुरा होतो. मागचं कापड सोडवून त्याला चुन्याच्या निवळीत अंघोळ घालायची, मग तो टिकतो. अंघोळ हा शब्द दादाला फार आवडला. "आपलं खोरं अंघोळ करून येतंय," असं तो नातेवाइकांना सांगत सुटला होता. कोपऱ्यांवरची कुंकवाची बोटं त्या बाईंनी जमेल तेवढी पुसली. पूजेपुरता नकाशा घरी आणायची परवानगी दादाने मिळवली, दसऱ्यानंतर तो संस्थेत जाणार होता.

खंडेनवमीला सकाळी दादा ती गुंडाळी घेऊन आला. घाईघाईत त्याने स्वतः ती उघडून बघितलीच नव्हती. आत्या आधीच येऊन पाटाशी बसली होती, कुयरी मांडीजवळ घट्ट धरून. आई ओट्याशी वड्यांच्या पिठात हळद मळत होती. मी दाराशी, कंबर कसून. दादाने कागद सोडवला, पाटावर पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

कागद उजळला होता, हे पहिल्यांदा दिसलं. चहाच्या रंगाचा होता तो आता दुधाळ झाला होता, आणि तपकिरी रेघा कालच काढल्यासारख्या. मग दादा म्हणाला, "हे काय?"

उजवीकडच्या कोऱ्या भागात लाल ठिपके होते. विटकरी लाल, बोटाच्या पेराएवढे, एकाखाली एक. काही ठसठशीत, काही फिकट, पण सगळे सारख्या आकाराचे. साहेबाचं पाणी जिथे संपलं होतं त्याच्या पलीकडे, जिथे एक रेघ नव्हती तिथे, रांगेने लावलेले. दोन रांगा पुऱ्या, तिसरी अर्धवट.

"डाग उठलेत थोडे, असं म्हणाल्या होत्या त्या फोनवर," दादा म्हणाला. "मला वाटलं, कुठेतरी कडेला असतील. हे काय, शाई पाडली की काय त्यांनी? मी कम्प्लेंट करतो." तो फोन काढायला लागला.

आत्या नकाशावर वाकली होती. तिच्या सासरी, गिरगावातल्या वाडीत, पूर्वी कुंकू घरी करायचे. तिने बोट टेकवून हुंगलं. हुंगण्यासारखं काही उरलं नसणार, पण हुंगलं.

"शाय नाय ही," ती म्हणाली. "हळद आसा."

"लाल आहे, आत्या," दादा म्हणाला.

"हळदीक चुनो लागलो काय ती लाल होता. ता माका शिकव नको." मग तिने वर बघितलं. "आत हळद कोणी लायल्यान?"

पिवळ्या कागदावर पिवळं बोट. कोणाला दिसणार होतं? जोवर कागद धुतला नाही, चुन्यात बुडवला नाही, तोवर ते तिथे नव्हतंच. दादाने माझ्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. साहजिक होतं, या घरात वाकडं काही झालं की सगळे आधी माझ्याकडेच बघतात. मी नाही म्हणून मान हलवली.

"मी," आई ओट्याशी उभी राहून म्हणाली. हात पिठातच होते.

दादाचा चेहरा विरघळला. तो तसा हळवा आहे, सिनेमात रडतो. "आई," तो म्हणाला, "म्हणजे दर वर्षी तू... बाबांची आठवण म्हणून?"

"आठवण कसली?" आई म्हणाली. "वन्सं हात लावू नको म्हणाल्या, म्हणून लावला."

तिचा आवाज चढलेला नव्हता. डब्यात मीठ कमी पडल्याची तक्रार आली तर जसं उत्तर द्यायची तसंच.

"मला त्या खोऱ्याचं काही नाही," ती म्हणाली. "ते तिकडे वाळूत पडलेलं. पण या घरात त्याच्या चार कोपऱ्यांना मी बोटं लावायचे. ते गेल्यावर माझा हात असा काय वाईट झाला? त्यांना शेवटचं पाणी मीच पाजलं होतं ना? मग कोपरे तुम्ही घ्या म्हटलं. मी आत लावीन. ताट ठेवताना वड्यांच्या हळदीचं एक बोट टेकवायचं. नमस्काराला वाकलं की दिसत नाही."

आत्याने नकाशावर टेकवलेलं बोट पदराला पुसलं. "म्हणजे इतकी वर्सा," ती म्हणाली, "इतकी वर्सा मी बाटलेल्याची पूजा करी होतंय?"

"होय, वन्सं," आई म्हणाली.

तेवढ्या दोन शब्दांत तिने जे मिळवलं ते मला सगळा आरडाओरडा करून मिळालं नव्हतं. आत्या पाटावरून जराशी मागे सरकली. दादा खाली बसून ठिपके मोजायला लागला. आई म्हणाली, "मोजू नको," तसा तो थांबला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, मला संताप आला, आणि तो मी लगेच बोलून टाकला. "आणि मी? मी दर वर्षी घसा फोडत होते ते? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी तुला काय काय बोलले! कणा नाही म्हणाले. तू ऐकून घेतलंस. मजा बघत होतीस माझी?"

"मजा कसली?" आई म्हणाली. "तू सुरू झालीस की सगळे तुझ्याकडे बघायचे. वन्सं, दादा, दारातले शेजारी. मग मी ताट घेऊन यायचे." तिने हात झटकून पीठ परातीत पाडलं. "तुला सांगितलं असतं तर तू एवढ्या मनापासून भांडली असतीस का?"

म्हणजे दर वर्षी ती माझ्या ओरडण्याची वाट बघत ओट्याशी उभी असायची. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी भांडतेय आणि ती मला एकटं पाडतेय. आणि ती तर माझ्या भांडणाच्या आडोशाने स्वतःचं भांडत होती. माझा आवाज चढला नसता तर तिला ते जमलं नसतं. हे कळल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दादाने घसा खाकरला. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण आता पूजेचं काय करायचं? आत्या, तू लावतेयस ना कोपऱ्यांना?"

आत्याने कुयरी मांडीजवळून उचलली, क्षणभर धरून ठेवली आणि पाटाच्या कडेला जमिनीवर ठेवली. दिली नाही. ठेवली. ती द्यायची नव्हतीच, तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. तिला नुसतं बाटलेल्या वस्तूला आता हात लावायचा नव्हता.

मी पुढे झाले. आता तर बोलायलाच हवं होतं. ती कुयरी उचलून आईच्या हातात दे, तुझ्या हाताने दे, असं मला आत्याला सुनवायचं होतं, आणि सुरुवातही मी केली होती. "आत्या, हे बघ—"

"तू गप," आई म्हणाली.

ती हात न धुता ओट्यापासून आली. ताट नव्हतं तिच्या हातात, डोक्यावर पदर घेतला नव्हता. पाटासमोर ती सरळ मांडी घालून बसली, आत्याच्या अगदी समोर, आणि तिने कुयरी स्वतःकडे ओढली. मी तिच्या मागे उभी, तोंड अर्धवट उघडं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आज ओरडू नकोस," ती म्हणाली. "आज सगळ्यांना माझ्याकडेच बघू दे."